बाजेची फिर्याद

आमच्या गावातली माणसं होळीच्या आधीच्या आठवड्यात आपापल्या लाकडांवर जेवढं लक्ष ठेवतात, तेवढं वर्षभर आपापल्या पोरांवर ठेवत असती तर गावातल्या पोलीस चौकीला कुलूप लागलं असतं. गाव मेहकर तालुक्यातलं, जानेफळपासून जवळ. इथं होळीला लाकूड मागून आणत नाहीत, चोरून आणतात. कुंपणाच्या काट्या, गोवऱ्या, तुऱ्हाटी, तुटकं दार, जे हाती लागेल ते पोरं पळवतात. ज्याचं जातं तो अंगणात उभा राहून शिव्या देतो, आणि पोरं भिंतीआड उभी राहून त्या शिव्या कौतुकानं ऐकतात. यात एकच नियम आहे, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. ढिगावर एकदा वस्तू पडली की ती होळीमायची झाली, मालकानं परत मागायची नाही. माझं माहेर लोणारचं, तिथंही हेच. त्यामुळे लग्न होऊन इथं आले तेव्हा निदान चोरीच्या बाबतीत मला काही नवीन शिकावं लागलं नाही.

माझ्या नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. हा माणूस दुकानात बसून गिऱ्हाइकांना प्रामाणिकपणाच्या गोष्टी सांगतो आणि होळी जवळ आली की घरी जेवताना पोराला आपल्या चोऱ्यांच्या गोष्टी सांगतो. "आमच्या टायमाले आम्ही पाटलाच्या गोठ्याचं दार उपसून नेलं होतं! तुम्ही आजकालचे पोट्टे काय, काड्याकुड्या आनता. दमच नाही तुमच्यात." मुलगा नववीत. त्याला पोलीस व्हायचं आहे. भरतीला अजून वर्षं आहेत, पण आमच्याकडे पोरं भरतीसाठी आठवीपासूनच पळायला लागतात. हाही रोज पहाटे मेहकर रस्त्यावर पळायला जातो. असा हा होणारा पोलीस बापाच्या गोष्टी ऐकताना घास हातात धरून बसायचा. मी म्हणायची, "अहो, काय शिकवून राह्यले पोराले?" तर म्हणे, "परंपरा आहे वं ती."

आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक म्हातारी एकटी राहते. नात्यानं लांबची, मी तिला मामी म्हणते, मुलं आजी म्हणतात. जीभ तिखट, कान शाबूत, गुडघे कामातून गेलेले. जमिनीवर बसली तर दोघांनी उचलावं लागतं. तिचा एकुलता एक मुलगा पुण्यात कंपनीत आहे, सातव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. आईनं आपल्याकडे यावं म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागलेला. ती एकदा महिनाभर राहून आली आणि आल्यावर मला म्हणाली, "तठी दार लावलं का मानूसच दिसत नाही वं. मी भिंतीशी बोलाले लागली होती." शेवटी दिवाळीत मायलेकांचं भांडण होऊन असं ठरलं, की जोवर ती कुणाच्या हाताशिवाय उठते-बसते तोवर गावात राहील. ज्या दिवशी उठता येणार नाही त्या दिवशी बॅग भरायची, तक्रार करायची नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो येऊन बघून जायचा. मामीचं उठणं-बसणं सगळं तिच्या बाजेवर अवलंबून होतं. बाजेचे पाय तिनं आपल्या मापानं कापून घेतले होते. पाय जमिनीला टेकवून, दांडीवर दोन्ही तळवे रोवून ती उठायची. ती बाज होती म्हणून ती गावात होती.

तर या मामीनं होळीच्या दिवशी बाजेला ढेकूण झाले म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि शेजारणीकडून ती उचलवून गल्लीत उन्हाला उभी करून ठेवली. होळीच्या दिवशी, गल्लीत! आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो, घेऊन जा. तिला हे काय माहीत नव्हतं? पण तिचा स्वतःच्या जिभेवर फार विश्वास. "माह्या वस्तूले हात लावाची कोनाची हिंमत हाय?" असं म्हणून ती शेजारी गप्पा मारायला गेली.

परत आली तर भिंतीला टेकलेली बाज नाही. ती काठी टेकत होळीच्या चौकात पोचली तेव्हा ढिगाच्या मध्यातून बाजेचा एक पाय वर आलेला दिसत होता. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मामी, आता ते होळीमायची झाली." तिनं त्या दिवशी शिवी दिली नाही. होळी पेटेपर्यंत तिथंच उभी राहिली, पेटल्यावर नमस्कार केला आणि घरी गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण मामी गप्प बसलेली मी तोवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी मामी अंगावर चादर घेऊन, काठी टेकत पोलीस चौकीत गेली आणि फिर्याद द्यायची आहे म्हणाली. चौकीवर नवे फौजदार आलेले, कोल्हापूरकडचे, तरुण. धुळवडीच्या दिवशी त्यांच्यापुढे दारुड्यांची रांग. त्यांनी विचारलं, "आज्जी, काय गेलं?"

"बाज गेली माही."

"कुणी नेली?"

"होळीनं खाल्ली."

फौजदारांना काही कळलं नाही. गावातल्या हवालदारानं त्यांना परंपरा समजावून सांगितली, तेव्हा ते आणखी गोंधळले. चोर माहीत, वस्तू जळालेली, आणि मागायची नाही असा नियम. ते म्हणाले, "आज्जी, तुम्ही घरी जा, आम्ही बघतो." मामी म्हणाली, "घरी जाऊन झोपू कायच्यावर? खाली झोपली तर सकाळी मले कोन उठवन, तू?" आणि चौकीच्या बाहेरच्या खोलीत जो लांब लाकडी बाक आहे, त्यावर तिनं चादर अंथरली. बाकाची उंची तिच्या गुडघ्यांना बरोबर जमली. त्या दिवशी पकडून आणलेल्या सगळ्या दारुड्यांना भिंतीशी उभं राहावं लागलं. त्यातला एक म्हणे रडत होता, की आजीला त्रास नको, मला आत टाका.

मी जाऊन म्हणाले, "मामी, आमच्याकडे चला. पलंग आहे." तोवर बाज कुणी नेली ते मला माहीत नव्हतं. मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ज्यानं चोरली त्याच्याच घरी पाहुनी म्हनून येऊ?"

घरी येऊन मी मुलाचा कान धरला. तो कान चांगला लाल होईपर्यंत सुटला नाही. बाज नेणारे तिघं होते, त्यांत पुढे आमचाच. दुसरा ग्रामपंचायत सदस्याचा मुलगा. तिसऱ्याचा बाप एसटीत ड्रायव्हर, तो त्या दिवशी गाडी घेऊन बुलढाण्याला गेलेला, म्हणून तो पुढच्या सगळ्या नाटकातून वाचला. मुलगा म्हणाला, "मम्मी, बाहेर उभी होती. आमाले वाटलं फेकाची आहे." मग म्हणाला, "अन् पप्पा म्हनत होते ना, काड्याकुड्या आनता म्हनून."

संध्याकाळी चौकीतून बोलावणं आलं. माझा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, मागे पोरगा आणि मी. "चारित्र्य पडताळणीत हे निघालं तं पोराची भरती गेली," एवढंच तो वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होता. चौकीत पाऊल टाकताच त्यानं पोराला फाडकन चापट मारली. आवाज छान झाला. बाकावर पडलेल्या मामीनं डोळे उघडून पाहिलं.

फौजदार म्हणाले, "मालक, इथं पोरांवर हात टाकायला बंदी हाय. आम्हाला पण हाय."

खरं सांगते, मला त्या चापटीचा फार राग आला. मी कान धरला तो पोरासाठी होता. ही चापट पोरासाठी नव्हतीच, ती साहेबांना दाखवायला होती. मारून झालं की बापाचं काम संपलं, आता पुढचं सरकारनं बघावं, असा त्याच्या चेहऱ्यावर भाव. त्या चापटीनं बाज परत येणार होती का? पोरगं गाल धरून उभं राहिलं आणि त्याच्या डोक्यात मामी कुठेच उरली नाही, फक्त बाप उरला. आई होऊन एवढी वर्षं झाली, एवढं तर मला कळतं.

सदस्य महाशयांची तऱ्हा वेगळी. ते आले तेच फोन कानाला लावून. "भाऊंशी बोला," म्हणत त्यांनी फोन फौजदारांच्या हातात दिला. हे भाऊ म्हणजे तालुक्यातले पुढारी. फौजदारांनी फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं. भाऊंचा आवाज खोलीभर पसरला. "अरे सायब, पोरं आहेत, होळीचं लाकूड आहे, सोडा. आम्ही तं शाळेचा फळा नेला होता! मास्तर आठ दिवस भिंतीवर शिकवत होता!" फौजदार म्हणाले, "भाऊ, आवाज सगळ्यांना ऐकू येतोय. शाळा कुठली?" पलीकडे रेंज गेली.

मग त्यांनी पोरांना विचारलं, हे सुचलं कसं. माझ्या मुलानं बापाकडे पाहिलं आणि गोठ्याच्या दाराची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. बापाला गप्प बसायला हवं होतं. पण मुलानं एक तपशील चुकवला, आणि ते याला सहन होईना. "एकट्यानं नाही, चौघांनी उचललं होतं सायब. सागवानी दार होतं. गोऱ्हा मोकळा झाला अन् सकाळी गावभर हुंदडत होता," असं सांगताना त्याच्या तोंडावर हसू आलं आणि मग ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. फौजदारांनी पेन उघडलं. "पाटलांचं नाव काय म्हणालात?" नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. पाटील वारून कैक वर्षं झाली, हे त्याला तेव्हा आठवलं नाही.

फौजदारांनी पेन बंद केलं. "घाबरू नका. असल्या गोष्टीत पोरांवर गुन्हा नोंदवत नसत्यात, आणि मी नोंदवणार पण नाही. भरतीला काय होत नाही." सदस्य उठायलाच लागले. "बसा की. गुन्हा नाही म्हणजे काय झालंच नाही असं नव्हं." मग ते बाकाकडे वळले. "आज्जी, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

मामी दांडी नसलेल्या बाकावर हात रोवून उठून बसली. "मले कोनाले जेलात नाही टाकाचं. रविवारी माहा पोरगा येऊन राह्यला. त्याच्या आत मले माही बाज पाह्यजे. बाज नाही तं मी उठत नाही. मी उठली नाही तं तो मले घेऊन जाईन. बस, एवढंच हाय."

मी मुलाकडे पाहिलं. गालावरचा हात खाली आला होता.

नवरा लगेच म्हणाला, "आजच मेहकरहून लोखंडी पलंग आणतो सायब, चांगल्यातला." मामी म्हणाली, "तुह्या पलंगावर माहे पाय लोंबतीन बावा, मी काय झोक्यावर बसू?" फौजदार म्हणाले, "विकत आणायची नाही. जाळली पोरांनी, करतील पोरं. लाकूड घरचं द्या, पण हात लावायचा नाही." हे त्यांनी आम्हा आईबापांकडे बघून म्हटलं. त्या चार दिवसांत हीच अट आम्हाला सगळ्यात जड गेली.

सकाळची शाळा सुटली की तिघं चौकीमागच्या कडुलिंबाखाली जमायचे. दांड्या सदस्यांच्या सागवानातून आल्या. होळीत चोरी होऊ नये म्हणून तो माणूस त्याच लाकडांवर गादी टाकून झोपला होता. पाय आमच्या शेतातल्या बाभळीचे. सुतारानं भोकं कशी पाडायची तेवढं दाखवलं आणि हत्यारं दिली. विणायचं कसं ते पोरांनी मोबाइलवर पाहिलं. व्हिडिओतली बाई परप्रांतातली, तिची भाषा कुणालाच कळत नव्हती, तरी तिघं तोंड उघडं टाकून बघायचे. पहिल्या विणीवर चाचणीला हवालदाराला बसवलं, कारण चौकीतलं सगळ्यात भारी वजन तेच. हवालदार बसला, आणखी बसला, आणि जमिनीला टेकला. त्याला बाहेर काढायला फौजदार धावले.

सगळी दोरी सोडवून पुन्हा विणली. मग बाज डुगडुगायला लागली. एक पाय आखूड म्हणून दुसरा कापला, तो जास्त कापला गेला म्हणून तिसरा. मी कुंपणापलीकडे उभी राहून पदर तोंडात कोंबून बघत होते. माझा नवरा तर दुकान सोडून तिथंच. "अरे गाढवा, माप घे, माप!" असं तो ओरडला की फौजदार खिडकीतून म्हणायचे, "मालक, हात आणि तोंड, दोन्ही नाही लावायचं." शुक्रवारी बाज डुगडुगायची थांबली, पण उंची पाटापेक्षा थोडीच जास्त राहिली होती. मामीचा मुक्काम अजून चौकीतच होता; पोरांनी बाज आत आणली तेव्हा तिनं बाकावरून पाहिलं आणि म्हणाली, "हे काय मांजरीसाठी केली का बे?"

माझा मुलगा रडला. चापटीला रडला नव्हता. "आजी, आता कसं होईन वं?" म्हणाला. मामी म्हणाली, "रडून लांब होतात का पाय? नवे कर." शनिवारी शाळा बुडवून त्यांनी नवे पाय केले. शाळा बुडवायची परवानगी मी दिली, आणि ती मी पुन्हा देईन. या वेळी माप घ्यायला मुलगा मामीच्या पायाशी उकिडवा बसला आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत दोरी लावून त्यानं गाठ मारली.

रविवारी दुपारच्या गाडीनं तिचा मुलगा आला. चांगला माणूस आहे, आईची काळजी खरी आहे, हे सांगायला हवं. चहा झाला. त्यानं नवी बाज पाहिली, हलवून बघितली. "जुनी कुठं गेली?"

दारात तिघं उभे होते. माझ्या मुलानं खाली मान घातली.

"होळीले देल्ली," मामी म्हणाली. "या पोट्ट्यांईनं नवी करून देल्ली. पोट्टे हुशार हायेत."

"बसून दाखव बरं."

मामी बसली. बाज करकरली. मग तिनं पाय टेकवले, तळवे दांडीवर रोवले, ओठ आवळले. नवऱ्यानं माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठला. आणि मामी उठली. एका दमात, काठी न घेता, ताठ. आपल्या लेकाकडे बघून म्हणाली, "झालं समाधान?" तो हसला, खाली वाकून पाया पडला, आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला.

गावाला वाटलं गोष्ट संपली. फौजदारांना वाटलं, नवऱ्याला वाटलं. तो तर दुकानात सांगू लागला, की आमच्या पोरानं बाज केली, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की पोरानं ती सुतारकामाच्या आवडीपोटी केली.

मुलगा मात्र पळायला नेहमीपेक्षा लवकर निघायला लागला. चार-पाच दिवस मी लक्ष दिलं नाही. मग एका पहाटे शंका आली. एकदा हात पोळला की आईला शंका यायलाच पाहिजे. मी मागोमाग गेले. तो रस्त्याकडे न जाता मामीच्या घरात शिरला. दार नुसतं लोटलेलं होतं.

मामी बाजेच्या काठावर बसली होती आणि मुलगा तिच्या काखेत हात घालून तिला उठवत होता. "एवढा जोर कायले लावतं बे, मी काय पोतं हाय?" ती म्हणत होती. तिनं मला पाहिलं.

"मामी, पाय आखूड झाले का पुन्हा?" मी विचारलं.

"बाज बराबर हाय वं," ती म्हणाली. "गुडघेच नाही राह्यले. जुनी होती तवाही पाच-सहा खेपा करा लागे. त्या दिवशी त्याच्यासमोर उठली, तेवढीच. त्याची गाडी गेली अन् याले म्हनलं, हात दे."

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मम्मी, कोनाले सांगू नको. पप्पालेही नाही." मला रडू आलं, आणि भीतीही वाटली. हे लपवणं बरोबर नाही हे मला कळत होतं. उद्या ती पडली तर? तिच्या लेकाला काय तोंड दाखवू? मी तेवढं म्हणायला तोंड उघडलं, तोच उशाशी ठेवलेला तिचा मोबाइल वाजला. पुण्याहून. ड्यूटीला निघताना तो रोज याच वेळी फोन करतो, माझा मुलगा मला हळूच म्हणाला.

मामीनं आधी एक हात मुलाच्या खांद्यावर टाकला, दुसरा माझ्या. आम्ही दोघांनी तिला उभं केलं. नीट उभी राहिल्यावर, दम खाऊन झाल्यावरच तिनं फोन घेतला.

"उठलीस का?" पलीकडून आवाज आला.

"हाव," ती म्हणाली. "कवाचीच."